बुवांची पट्टी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवणारे एक चाचा होते, आणि मिरजेपासून एसटीने तासाभरावर असलेल्या एका गावात गाण्याचा क्लास चालवणारे एक बुवा होते. दोघांचं वय जवळपास सारखंच, सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. दोघांना आपापल्या कामात मान होता. आणि दोघांच्याही बाबतीत अशी एकेक गोष्ट होती, जी त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होती. निदान सगळ्यांची समजूत तशी होती.

चाचांचे पूर्वज शिकलगार. तलवारी आणि कट्यारी घासून त्यांना धार लावायची हा घरचा धंदा. लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेतल्या फरीदसाहेबांसारख्या शिकलगार कारागिरांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि मग स्वतःच घडवायला घेतली. गावात पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी इथेच शिकले, अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथे घर केलं. त्यामुळे ही गल्ली जगली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन वाद्याला मिळतं, ते छेडणाऱ्याला मिळत नाही, एवढं लक्षात ठेवलं तर पुढची गोष्ट समजायला सोपी जाईल.

तंबोरा करायला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भीमाकाठचा कडू भोपळा लागतो, दांडीला तुणाचं लाकूड लागतं, आणि घाई न करणारा माणूस लागतो. पण वाद्य खरं बोलतं ते घोडीवर. घोडी म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर बसवलेला हाडाचा किंवा शिंगाचा तुकडा, ज्याच्यावरून तारा जातात. तिचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला अगदी किंचित उतार दिलेला असतो. त्या उताराला लागून तार थरथरते आणि त्यातून तो भरलेला, रेंगाळणारा नाद निघतो. कानशीने घासून हा उतार साधायचा, त्याला जवारी काढणं म्हणतात. केसभर जास्त घासलं तर तार करकरते, केसभर कमी घासलं तर मुकी राहते. मग तारेखाली दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. डोळा, बोट आणि कान, तिन्ही एकाच वेळी जागे हवेत. चाचांच्या हातची जवारी म्हणजे पुण्या-मुंबईचे गवई सांगून पाठवत, असा लौकिक होता.

आता बुवा. बुवा काळी दोनमध्ये गायचे. पेटीवरची काळी दोन ही पुरुषाच्या गळ्याला जरा चढी पट्टी. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात नाटकातले गायक नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा म्हणून याहूनही चढ्या पट्टीत गात, आणि बुवांचे गुरुजी त्या जमान्याचे. पंचविशीत बुवांना ही पट्टी मिळाली आणि तेव्हापासून त्यांनी ती आडनावासारखी जपली. क्लासच्या पाटीवर लिहिली नव्हती एवढंच.

वय झालं की स्वरतंतूंचा ताठरपणा वाढतो, दम आखूड होतो, वरचे सूर आधी हातचे जायला लागतात. म्हणून चांगले चांगले गवई उतारवयात अर्धा-एक सूर पट्टी खाली आणतात. त्यात कमीपणा काही नाही असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांची स्वतःची पट्टी उतरवायची नसते, त्यामुळे त्यांना ते म्हणता येतं. बुवांचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, गेली काही वर्षं लागता लागता खाली राहत होता. ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा इतका नाही, पण कान असलेल्याने मान खाली घालावी इतका.

गावाने त्यावर उपाय शोधला होता. वरचा सा जवळ आला की तबलजी जरा दाबून वाजवी. पेटीवाला त्या क्षणी भाता जोरात ओढी. पुढच्या रांगेतले दोन-तीन जुने श्रोते सा लागायच्या आतच "वा बुवा!" म्हणून टाकत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. चांगल्या माणसाला सांभाळून घ्यायची आपल्याकडची रीत आहे ती. एका विद्यार्थिनीने एकदा बुवांचं गाणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्यांना ऐकवलं. बुवांनी अर्ध्यातच थांबवलं आणि म्हणाले, "या मोबाइलमध्ये आवाज नीट येत नाही."

यात बुवांची थट्टा करण्यासारखं काही नाही. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो: बाहेरून हवेतून, आणि आतून कवटीच्या हाडांतून. इतरांना तो एकाच, बाहेरच्या वाटेने ऐकू येतो. म्हणूनच ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना जवळपास प्रत्येकाला तो परका, पातळ आणि थोडा खोटा वाटतो. तो खोटा नसतो. जगाला आपण तसेच ऐकू येत आलेलो असतो. हाडांतून ऐकू येणारा आवाज जास्त भरदार असतो, आणि आपण त्याच्याच प्रेमात असतो.

तर आषाढात बुवा तंबोरा घेऊन चाचांकडे आले. "चाचा, हा चढायला लागलाय हो. गाताना माझ्यापुढं जातो."

चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला, चारही तारा छेडल्या. पंचम, जोड, खर्ज. सगळं जागच्या जागी. पावसाळ्यात लाकूड हवा धरतं, खुंट्या अडतात, तारा सरकतात. पण तंबोरा चढत वगैरे नव्हता. तंबोरा कुठल्याच गायकापुढे जात नाही, तो आहे तिथेच असतो. चाचांना सगळं कळलं. त्यांनी बुवांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, भला माणूस. ते म्हणाले, "जवारी जरा बसलीय. काढून देतो." घोडीवर कानस फिरवल्यासारखं केलं, दोरे इकडचे तिकडे केले, पैसे घेतले. बुवा खूश होऊन गेले. दसऱ्यानंतर पुन्हा आले. पुन्हा तेच झालं, पुन्हा पैसे घेतले.

तिसऱ्यांदा बुवा आले ते मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आधी. गावात त्यांचं गाणं होतं. या वेळी बरोबर दोन विद्यार्थी होते, आणि बुवांचा आवाज दुकानात शिरतानाच वर लागलेला होता.

"दोनदा जवारी काढलीत, चाचा. काही उपयोग नाही. लाकूड कच्चं तर वापरलं नव्हतं?"

कच्चं लाकूड हा शब्द त्या गल्लीत शिवीपेक्षा वाईट. चाचा हसून टाळणार होते. पण आत चाचांचा नातू बसला होता. वीस-एकविशीचा पोरगा. हात चांगला, कान त्याहून चांगला, आणि जीभ या दोघांच्याही पुढे.

"लाकूड पक्कं आहे, बुवा," तो म्हणाला. "तंबोरा पण सुरात आहे. तुम्हीच खाली राहताय."

"काय म्हणालास?"

नातवाने खिशातून मोबाइल काढला, सूर दाखवणारं ॲप उघडलं, जोडाची तार छेडली. काटा मधोमध उभा राहिला. "ही बघा काळी दोन. आता तुम्ही वरचा सा लावा. काटा कुठं जातो ते बघू आपण."

बुवांनी सा लावला नाही. त्यांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांकडे पाहिलं. एक जमिनीकडे बघत होता. दुसऱ्याच्या ओठांवर नकळत एक हसू आलं होतं, ते त्याने लगेच पुसलं, पण बुवांनी ते टिपलं होतं.

यानंतर बुवा जे बोलले त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. "तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून मी गातोय" वगैरे झाल्यावर ते चाचांकडे वळले. "आणि चाचा, तुमच्याबद्दल गल्ली काय बोलते ते ऐकायचंय? तुमची नजर गेलीय. हात कापतो तुमचा. गेली दोन वर्षं तुमच्या हातून धड जवारी निघत नाही. विचारा कुणालाही. आलेत मला सूर शिकवायला!" तंबोरा तिथेच टाकून ते निघून गेले. मागोमाग दोघे विद्यार्थी पायात चपला सरकवत धावले.

चाचा शांत होते. म्हातारी माणसं अशा वेळी जी समजुतीची भाषा बोलतात ती त्यांनी सुरू केली. चहा मागवला आणि नातवाला समोर बसवलं. "बेटा, खरं बोललास, पण चारचौघांत बोललास. त्यांच्या शिष्यांसमोर..." एवढं बोलून ते थांबले. कप खाली ठेवला.

"बुवा माझ्याबद्दल बोलले ते खरं आहे?"

"रागात बोलले ते, दादा."

"राग होता का, ते नाही विचारलं मी."

नातू बराच वेळ गप्प बसला. मग त्याने सांगितलं. संध्याकाळी दादा नमाजाला गेले की त्यांनी दिवसभरात काढलेल्या जवाऱ्या तो पुन्हा तपासायचा. बिघडलेली असली की घोडी उतरवून परत घासायचा. पुण्या-मुंबईला जो माल जायचा आणि ज्याची वाहवा फोनवर यायची, तो असा जायचा.

"कधीपासून?"

"मागच्याच्या मागल्या रमजानपासून."

शांत स्वभावाबद्दल ख्याती असलेल्या चाचांनी हातातली कानस भिरकावली. ती भोपळ्यांच्या ढिगात जाऊन पडली आणि एका भोपळ्याला चीर गेली. पुढचे कित्येक दिवस ते नातवाशी बोलले नाहीत. जेवायला एका दस्तरखानावर बसत आणि भाजी हवी असली तर सुनेकडे मागत.

इथे जरा थांबायला हवं. आपल्या नजरेबद्दल चाचांना काही ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? दोन वर्षांत त्यांनी दोनदा चष्मा बदलला होता. बसायची जागा भिंतीकडून दाराकडे आणली होती, उजेड बरा येतो म्हणून. आताचे दिवे पूर्वीसारखा प्रकाश देत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. बुवांनाही काय ठाऊक नव्हतं? ज्याला खरंच काही शंका नसते, तो तंबोरा घेऊन तीनदा एसटीने येत नाही.

बुवांना कुणी खिसेकापू म्हटलं असतं तर ते हसले असते. चारचौघांत ती गंमत म्हणून सांगितली असती. खोटा आरोप आपल्याला चिडवतो, कधी कोर्टातही नेतो, पण तो आत शिरत नाही. खरी गोष्ट आत शिरते, कारण तिला जागा आधीच केलेली असते. आपल्याविषयीचं कडू सत्य आपल्याला बहुतेक वेळा आधी माहीत असतं. ते आपण एका कोपऱ्यात ठेवून त्यावर चादर टाकलेली असते. कुणी बोललं की नवीन कळतं ते एवढंच, की चादरीखाली काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं. मग आजवरचा सगळा हिशेब परत मांडावा लागतो. तबलजी दाबून वाजवायचा, तो जोश होता की दया? फोनवरची वाहवा कुणाच्या कामाची होती? त्या विद्यार्थ्याच्या ओठांवरचं हसू कधीपासूनचं होतं? माणूस एका वाक्याने एवढा पेटत नाही. तो मागच्या सगळ्या वर्षांसकट पेटतो, आणि समोर उभा असतो तो फक्त बोलणारा.

नातवालाही एवढ्यावर सोडून देता येणार नाही. तो खरं बोलला म्हणून गल्लीतल्या चार पोरांनी त्याची पाठ थोपटली. आपल्याकडे "मी तोंडावर बोलतो" असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ आहेत. माझा अनुभव असा, की त्यांच्या तोंडावर कुणी बोललं तर सगळ्यांत आधी तेच उठून जातात. नातू बुवांना खरं कधी बोलला? लाकूड कच्चं म्हटल्यावर. त्याला बुवांचा सूर सुधारायचा नव्हता, दुकानाची बाजू जिंकायची होती. सत्य त्याच्या हाताशी होतं म्हणून त्याने ते उचललं. काठी असती तर काठी उचलली असती.

चाचांचा अबोला संपला तो एका दुपारी. वीज गेली होती. नातू दाराशी बसून एका नव्या तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवत होता. चाचा आत अंधारात पडून होते. काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. तार छेडल्यावर ते आतूनच म्हणाले, "खर्जाला अजून दोन हात मार." नातवाने मारले. तार खुलली. "आता जोड. दोरा थोडा मागं घे." असं तासभर चाललं. वीज आल्यावर चाचा उठून बाहेर आले आणि नातवाच्या शेजारी बसले.

"एक सांग," ते म्हणाले. "बुवा तुझे कोण?"

"कुणी नाही."

"मी कोण?"

नातू काही बोलला नाही.

"बुवांना तू एका मिनिटात खरं सांगितलंस, कारण तुला त्यांचा राग आला. मला दोन वर्षं सांगितलं नाहीस, कारण तुझा माझ्यावर जीव आहे. मी तरी काय केलं? बुवांवर माझा जीव, म्हणून मी नुसती कानस फिरवत बसलो. बेटा, जीव लावणारे सगळे लपवायला लागले, तर खरं सांगायचं काम उरतं कुणाला? रागावलेल्याला. मग माणसाला खरं ऐकलं की राग ऐकू येतो. त्याचं काय चुकलं? आजवर त्याला खरं कधी दुसऱ्या आवाजात ऐकायलाच मिळालेलं नसतं."

दुसऱ्या दिवसापासून बैठक बदलली. कानस नातवाच्या हातात आणि चाचा शेजारी डोळे मिटून. लपूनछपून नाही, दुकानाच्या तोंडाशी, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं. पहिले दोन दिवस गल्लीतली माणसं नजर चुकवत गेली. तिसऱ्या दिवशी समोरचा कारागीर आपला एक तंबोरा घेऊन आला आणि म्हणाला, "चाचा, जरा कान द्या याला." लोकांना हे असंच हवं होतं, फक्त सुरुवात कुणी करत नव्हतं.

मग चाचांनी बुवांचा तंबोरा गवसणीत घातला आणि एसटी पकडली. नातू येतो म्हणाला, त्याला नेलं नाही. दुपारची वेळ धरून गेले, क्लास नसताना. बुवांनी दार उघडलं, या म्हणाले नाहीत, पण दारातून बाजूला झाले. वहिनींनी चहा आणला आणि त्या आत न जाता चौकटीशी उभ्या राहिल्या.

"बुवा, तुम्ही बोललात ते खरं निघालं," चाचा म्हणाले. "नजर गेलीय माझी. पोरगं संध्याकाळी माझं काम दुरुस्त करत होतं. आता कानस त्याच्याकडं दिली. मी ऐकतो फक्त."

बुवा ओशाळले. "अहो, मी रागात बोललो. मनावर घेऊ नका."

"घेतलं मनावर. म्हणून तर आलो. दुसरं एक सांगायचंय. आषाढात आणि दसऱ्यानंतर तुमच्या तंबोऱ्याची जवारी काढली म्हणालो. ती काढली नव्हती. काढण्यासारखं काही नव्हतंच. तंबोरा तेव्हाही सुरात होता. मी उगाच कानस फिरवली आणि पैसे घेतले."

बुवांना हे वाक्य पूर्ण कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा पुन्हा तटतटल्या. "म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं!"

"होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात! वीस वर्षांची ओळख आपली! सगळ्या गावासमोर मी..." बुवा वहिनींकडे वळले. "तुला पण ठाऊक होतं?" वहिनींनी पदर नीट केला आणि चौकटीवरचा हात तसाच ठेवून म्हणाल्या, "चहा गार होतोय."

त्या दिवशी काही गोड शेवट झाला नाही. बुवा म्हणाले, "तंबोरा ठेवा आणि जा." चाचा चहा संपवून उठले. जाण्याआधी त्यांनी तंबोरा गवसणीतून काढला, चारही तारा उतरवून खालच्या पट्टीत, काळी एकला लावला आणि भिंतीशी उभा करून ठेवला. बोलले काही नाहीत. दत्तजयंतीला बुवांनी तो परत काळी दोनवर चढवला आणि नेहमीसारखेच गायले. तबलजीने नेहमीसारखाच दाबून वाजवला. पुढच्या रांगेतून वेळेआधी "वा" आला. बुवांनी त्या दिशेने असं काही पाहिलं म्हणतात, की दुसरा "वा" आला नाही.

खरं कळणं आणि ते स्वीकारणं यात पुष्कळदा एक पूर्ण हंगाम जातो. सांगणाऱ्याला तेवढा धीर नसतो. त्याला वाटतं, मी सांगितलं, आता समोरच्याने लगेच मान हलवावी, जमलं तर आभारही मानावेत. चाचांनी अशी काही अपेक्षा धरली नव्हती. ते परत येऊन कामाला लागले होते.

माघात बुवांचा तोच विद्यार्थी दुकानात आला, ज्याला हसू आलं होतं. हातात तंबोरा आणि बुवांच्या अक्षरातली चिठ्ठी. काळी एकला बसतील अशा जरा जाड तारा घालून द्याव्यात, खर्जाची पितळी तारही बदलावी, घाई नाही. नातवाने तारा घातल्या, जवारी या वेळी खरोखरच काढावी लागली, कारण तारेची जाडी बदलली की घोडीवरचा उतारही थोडा बदलावा लागतो. चाचा शेजारी ऐकत होते. बिल करताना त्यांनी आधीच्या दोन वेळचे पैसे वजा केले आणि तसं बिलावर लिहिलं. विद्यार्थी जाताना हळूच म्हणाला, "बुवांनी आता आम्हाला सांगितलंय, गाताना सूर खाली राहिला की पेटीवर तो सूर दाबून धरायचा. बोलायचं नाही, नुसता दाबून धरायचा."

बुवा आता काळी एकमध्ये गातात. वरचा सा लागतो. तबलजीला काही करावं लागत नाही. कुणी विचारलंच, की बुवा, पट्टी बदललीत का, तर ते सांगतात, "वय वगैरे काही नाही हो. हा मिरजेचा तंबोराच काळी एकला जास्त बोलतो." हे अगदीच खोटं नाही, प्रत्येक तंबोऱ्याची एखादी पट्टी जास्त खुलते. चाचांचा नातू एकदा हे ऐकायला समोर होता, त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बुवांनी पट्टी उतरवली होती. मुद्दा तेवढाच होता.